भांड्यावरचं नाव आणि चोरीला गेलेलं घंगाळ: तुम्ही आपल्या वस्तूंवर खुणा करता का?

माजघर | सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज लिहायची वेळ आली ती गावच्या चोरीमुळे.

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात, वर्षातले दहा महिने बंद असतं, मे महिन्यात आणि गणपतीला उघडतं. यंदा शेजारच्या काकांचा फोन आला की मागचं दार उचकटलंय. जाऊन बघतो तर टीव्ही तसाच, मिक्सर तसाच, आणि माळ्यावरची तांब्यापितळेची भांडी साफ. दोन हंडे, घंगाळ, बंब, पराती, समया, आजीचं पुरणयंत्र. बंबातली राख मात्र कोपऱ्यात नीट झाडून ठेवलेली, म्हणजे पाहुण्यांना घाई अजिबात नव्हती.

तक्रार दिली. तीन आठवड्यांनी फोन आला की एका भंगारवाल्याकडे माल सापडलाय, ओळखायला या. मी आणि आई गेलो. पोलीस ठाण्याच्या मागच्या पडवीत ढीग होता, आमच्यासारख्या चार-पाच बंद घरांचा मिळून. आईने बघताक्षणी हे आपलं, हे आपलं करत बोट दाखवायला सुरुवात केली. साहेब शांतपणे म्हणाले, आजी, हंडे सगळे सारखेच दिसतात, हा तुमचाच कशावरून?

आई म्हणाली, नाव आहे की त्यावर!

आणि इथून खरी गंमत सुरू झाली. घंगाळ उलटं केलं तर त्यावर "सप्रेम भेट" आणि आत्याच्या सासऱ्यांचं नाव. एका हंड्यावर आजीच्या वडिलांचं नाव, आडनाव अर्थातच तिच्या माहेरचं. परातीवर कुणाच्या तरी मुंजीची तारीख, तर ती परात शेजाऱ्यांची निघाली, कधीतरी आमच्याकडे आलेली आणि परत गेलीच नाही. एकूण अकरा भांडी आमची असं आई छातीठोकपणे सांगत होती त्यातली आमच्या आडनावाची फक्त चार. म्हणजे घरभर नावं कोरलेली भांडी आणि सगळी दुसऱ्यांच्या नावाची! कायद्याच्या दृष्टीने बघितलं तर आम्हीच चोर वाटत होतो.

चार भांडी आमची म्हणून कागदावर नोंदली गेली, बाकीच्यांसाठी अजून खेटे चालू आहेत. पण यानंतर मी जरा हादरून घरातल्या सगळ्याच गोष्टींकडे बघायला लागलोय. लॅपटॉप, कॅमेरा, मुलाची सायकल, बायकोचे दागिने, यातली एक तरी वस्तू माझीच आहे हे मी उद्या सिद्ध करू शकेन का? तुम्ही लोक काय करता? खुणा, नंबर, कोरणं, काय चालतं आणि काय नुसतं मनाचं समाधान आहे?

नऊवारी | सोमवार, रात्री ११:०५

परात परत गेलीच नाही :D :D

आमच्याकडे पण हेच आहे हो. माझ्या लग्नातल्या सगळ्या स्टीलच्या डब्यांवर मावशी, काकू आणि बाबांच्या ऑफिसातला स्टाफ. माझं नाव असलेली एकच गोष्ट आहे, ती म्हणजे पोळ्यांचा डबा, तो पण नवऱ्याच्या नावाने, मी त्यात "सौ." एवढीच.

खटपट्या | सोमवार, रात्री ११:३१

वाखूसा (वाचनखूण साठवली). रुमाल टाकून जागा धरतोय, उद्या सविस्तर.

जु_वा_किं_अं | मंगळवार, सकाळी ७:१०

आयडीवरून ओळखलंच असेल, मी पोलीस खात्यातून निवृत्त. ज्यांना आयडी कळला नाही त्यांच्यासाठी: जुना वापरता किंमत अंदाजे. फिर्यादीत प्रत्येक वस्तूपुढे हे लिहून लिहून हात झिजले.

माजघर, तुम्हाला साहेबांनी विचारलं ते बरोबरच होतं, राग मानू नका. माल सापडला म्हणजे लगेच मिळाला असं नसतं. सापडलेला माल पंचनामा करून जप्त होतो, तो मुद्देमाल. तो तुमचा आहे हे ठरल्याशिवाय तुम्हाला देता येत नाही, कारण उद्या दुसरा येऊन तोच हंडा माझा म्हणाला तर उत्तर कोण देणार? आणि फिर्याद बघा लोकांच्या: "एक पितळी हंडा, जुना वापरता". बस. पोचा कुठे आहे, कान तुटलाय का, कल्हई कधी केली, बुडाला डाग (म्हणजे झाळण) लावलाय का, काही नाही. मी लोकांना मुद्दाम विचारायचो की भांड्याला काही खोड आहे का, तर बायकांना सगळं माहीत असायचं आणि फिर्याद द्यायला येतात पुरुष. आता हसा, पण हे खरं आहे. डागडुजी, पोचे, झाळलेलं बूड हीच सगळ्यात चांगली ओळख, ती चोरालाही काढता येत नाही.

मुद्देमाल लवकर परत मिळावा म्हणून कोर्टात अर्ज करता येतो, केस संपेपर्यंत थांबायची गरज नसते. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेची ४५१ आणि ४५७ कलमं होती, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ती ४९७ आणि ५०३ झाली. सुंदरभाई अंबालाल देसाई म्हणून २००२ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, त्यात सांगितलंय की दागिने वगैरे मौल्यवान वस्तू ठाण्यात पडून ठेवू नका, फोटो काढा, पंचनामा करा, बाँड घ्या आणि मालकाला द्या. वकिलाला हे नाव सांगा, त्याला माहीत असणारच. पण मालक कोण हा प्रश्न तिथेही सुटलेला लागतो.

राहिला भंगारवाला. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसं मानायला कारण असताना घेतला तर पूर्वी दंड संहितेचं ४११ कलम, आता न्याय संहितेचं ३१७, तीन वर्षांपर्यंत कैद. वस्तूवर ठळक नाव-गाव असलं की "साहेब मला काय माहीत" हे बोलणं त्याला जड जातं. हा नाव घालण्याचा खरा फायदा.

शंकासुर | मंगळवार, सकाळी ९:४८

जुवाकिंअंकाका, शेवटचा मुद्दा पुस्तकात बरोबर आहे पण भांड्यांना लागू होत नाही असं माझं नम्र मत. आपल्याकडे मोडीत येणाऱ्या प्रत्येक भांड्यावर कुणाचं ना कुणाचं नाव असतंच! लोक स्वतःच आजोबांच्या नावाची भांडी मोडीत घालून नॉनस्टिक घेतात. त्यामुळे दुकानदाराला नाव दिसलं तर संशय यायचं काही कारणच नाही, उलट नाव नसलेलं भांडं आलं तर त्याने चमकायला पाहिजे. खूण सगळ्यांनीच केली की ती खूण राहत नाही, नक्षी होते.

माजघर | मंगळवार, सकाळी १०:२०

@शंकासुर, हे मात्र पटलं. तो ढीग बघताना मला अगदी हेच वाटत होतं, सगळ्यांवर नावं आणि कुणाचंच काही कळत नाहीये.

भोपळा_मिरजेचा | मंगळवार, सकाळी ११:१५

नावं घालायची पद्धत आठवली म्हणून थोडं अवांतर. आता भांड्याच्या दुकानात ते पेनसारखं मशीन असतं, घुर्रर्र करत दोन मिनिटात नाव घालून देतो आणि बहुतेक ठिकाणी फुकट. आमच्या लहानपणी छिन्नी आणि छोटी हातोडी घेऊन टिंब टिंब टिंब करत अक्षर उमटवायचे, समोर बसून बघायला इतकं भारी वाटायचं. ते टिंबांचं नाव खोल असतं, पन्नास वर्षं चिंच-राख लावून घासलं तरी जात नाही. मशीनचं नाव स्टीलवर ठीक आहे पण तांब्यापितळेवर रोजच्या घासण्याने पुसट होतं, आमच्या एका तांब्यावर आता फक्त "श्री" शिल्लक आहे.

आता धाग्याच्या विषयाचं. मी तंबोरा बाळगून आहे. दिसायला सगळे तंबोरे गैरजाणकाराला एकच. मी काय केलंय, जवारी काढायला (घोडी घासून सूर मोकळा करायला) दिला होता तेव्हा कारागिराला सांगून आत एक चिठ्ठी चिकटवून घेतली, नाव, गाव, वर्ष. बाहेरून कळत नाही, पण टॉर्च मारून बघणाऱ्याला दिसते. पेटीवाल्या मित्राने भात्याच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलंय. बाहेरची खूण चोराला दिसायला आणि आतली खूण पोलिसाला दाखवायला, अशा दोन पाहिजेत.

खटपट्या | मंगळवार, दुपारी १:३४

दोन खुणा +१. रुमाल उचलतो आता.

माझी यादी देतो, क्रम आठवेल तसा.

मोबाईल: कोरायची वगैरे काही गरज नाही, खूण आतच आहे. *#०६# डायल करा, १५ आकडी आयएमईआय येतो, दोन सिमचा असेल तर दोन येतात, दोन्ही लिहून ठेवा आणि कृपा करून त्याच मोबाईलच्या नोट्समध्ये लिहू नका (मी केलं होतं). चोरीला गेला की पोलीस तक्रार, मग संचार साथी या सरकारी साईटवर सीईआयआरमध्ये (हँडसेटच्या नोंदींच्या यंत्रणेत) ब्लॉकची विनंती टाकायची, तिथे तक्रारीची प्रत, बिल, ओळखपत्र लागतं आणि ओटीपीसाठी त्याच नंबरचं डुप्लिकेट सिम आधी काढून घ्यावं लागतं. मग तो हँडसेट कुठल्याच कंपनीच्या सिमवर चालत नाही आणि कुणी सिम टाकलं की माग लागतो. २०१९ मध्ये हे सुरू झालं ते आपल्या महाराष्ट्रातच, गोव्याबरोबर, देशभर मे २०२३ मध्ये. सेकंडहँड घेताना सुद्धा केवायएम लिहून स्पेस देऊन आयएमईआय १४४२२ वर पाठवा, ब्लॅकलिस्टमध्ये असेल तर कळतं.

लॅपटॉप: खालचा सिरियल नंबरचा स्टिकर वर्षभरात हाताच्या घामाने उडतो. तो पहिल्याच दिवशी फोटो काढून स्वतःला ईमेल करा. कोरायचं असेल तर बॅटरीच्या जागेवर मशीन अजिबात फिरवू नका.

कॅमेरा: बॉडीचा नंबर वेगळा, लेन्सचा वेगळा. लोक लेन्सचा विसरतात आणि पैसे सगळे लेन्समध्येच असतात.

गॅस सिलेंडर: चुकूनही काही कोरू नका, एक तर तो आपला नसतो, कंपनीचा असतो, आणि दाबाच्या टाकीवर कोरकाम म्हणजे आ बैल मुझे मार. हे लिहायचं कारण, आमच्या सोसायटीत एकाने केलंय.

पंक्चर_पुणे | मंगळवार, दुपारी ४:०२

सायकलचा विषय निघालाच आहे तर लिहितो. सायकल आडवी करा, पायडलची दांडी जिथून जाते त्या बॉटम ब्रॅकेटच्या खाली फ्रेम नंबर ठोकलेला असतो. शंभर सायकलवाल्यांना विचारा, नव्वदांना माहीत नसतो. चिखल खरवडून फोटो काढा. दुसरी जुनी युक्ती म्हणजे सीट काढून खालच्या नळीत नाव-पत्ता लिहिलेली चिठ्ठी प्लास्टिकमध्ये गुंडाळून टाकायची. रंग बदलला, स्टिकर काढले तरी ती आत असतेच.

आमच्या वडिलांच्या वेळी पुण्यात सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा, दरवर्षी कर भरून. तेव्हा लोक वैतागायचे, पण निदान नोंद तरी असायची की ही सायकल कुणाची. आता पन्नास हजाराची सायकल आणि नोंद शून्य, दुकानाचं बिल हरवलं की संपलं.

सोनचाफा | मंगळवार, सायं. ६:२७

दागिन्यांचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरी-आकडी एचयूआयडी, म्हणजे त्या नगाचा ओळख नंबर, असल्याशिवाय दुकानदाराला तो विकता येत नाही. प्रत्येक नगाचा वेगळा. दोन पाटल्या घेतल्या तर दोन वेगळे. इतका बारीक असतो की सराफाकडच्या भिंगाशिवाय दिसत नाही. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की कुठल्या सराफाचा, कुठल्या केंद्रात तपासला, वस्तू कुठली, शुद्धता किती हे येतं. मालकाचं नाव येत नाही!! इथे बऱ्याच जणींचा गैरसमज असतो की हे म्हणजे गाडीच्या आरसीसारखं आहे. तसं नाहीये. म्हणून बिलावर तो नंबर सराफाला लिहायला सांगा, स्वतःहून लिहिलेला नसला तर मागून घ्या. बिल आणि दागिना जोडणारा तेवढाच एक धागा असतो.

जुन्या दागिन्यांवर यातलं काहीच नसतं. सासूबाईंची मोहनमाळ आहे, मी काय केलं, पांढऱ्या कापडावर पट्टी शेजारी ठेवून दोन्ही बाजूंनी फोटो काढले, कडीचा, फाशाचा, जिथे डाग दिलाय तिथला जवळून फोटो, आणि सराफाकडून वजन लिहून घेतलं. दागिन्यावर नाव कोरायच्या मात्र मी विरोधात आहे, आणि वितळवल्यावर कसलं नाव आणि कसलं काय.

जु_वा_किं_अं | मंगळवार, रात्री ८:१५

सोनचाफा ताई, शंभर टक्के. सोनं लगड होऊन आलं की ओळख संपली, मग वजनावर भांडण. घालून काढलेला लग्नातला फोटो सुद्धा कामाला येतो हे लक्षात ठेवा, बाई गळ्यात तीच माळ घालून उभी आहे, यापेक्षा मोठा पुरावा काय?

थेम्सकाठचा | बुधवार, पहाटे ३:१४

इकडे इंग्लंडमध्ये हा प्रकार बराच पद्धतशीर चालतो म्हणून भर घालतो. नवीन घरात राहायला आलो तेव्हा मोहल्ल्याच्या बैठकीत पोलिसांनी एक पेन दिलं, त्याची शाई नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली निळी चमकते. लिहायचं काय, तर पोस्टकोड आणि घराचा नंबर, बस. नाव नाही, फोन नाही. तेवढ्यात घर सापडतं. शाई उन्हाने उडते म्हणून अधूनमधून परत लिहायची. सायकलसाठी वेगळं नोंदणीचं रजिस्टर आहे, तिथे फ्रेम नंबर टाकून ठेवतो.

याची सुरुवात मूळ अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे पार्क गावात १९६३ मध्ये झाली, पोलीस लोकांना कोरायचं मशीन वापरायला द्यायचे आणि घरातल्या वस्तूंवर नंबर कोरून दारावर स्टिकर लावायला सांगायचे.

आता शंकासुर यांना आवडेल असा भाग. ग्लोरिया लेकॉक नावाच्या संशोधक बाईंनी साउथ वेल्सच्या खाणवस्त्यांमध्ये याचा अभ्यास केला, १९८५ ला ब्रिटिश गृहखात्याने छापला. पोलिसांनी घरोघर जाऊन खुणा करायला लावल्या, दारावर स्टिकर चिकटवले, गाजावाजा भरपूर. भाग घेतलेल्या घरांतल्या घरफोड्या कमी झाल्या. पण त्यांचं म्हणणं असं की काम वस्तूवरच्या शाईने जितकं केलं त्यापेक्षा जास्त त्या गाजावाज्याने केलं, चोरांना कळलं की इथे प्रत्येक गोष्टीवर खूण आहे, विकताना लफडं होईल. वस्त्या छोट्या, सगळे एकमेकांना ओळखणारे, म्हणून ते जमलं.

माजघर, तुमच्या गावात असा बोर्ड लावला तर?

शंकासुर | बुधवार, सकाळी ९:०३

"येथील हंड्यांवर नावे आहेत, चोरांनी नोंद घ्यावी" :))

कृहघ्या (कृपया हलकेच घ्या). पण मुद्दा आवडला. म्हणजे खूण दिसली पाहिजे, आणि तीही चोरी करायच्या आधी, भंगारात गेल्यावर नाही.

विहीर_मोटर | बुधवार, सकाळी १०:५५

शहरातल्या लोकांनो जरा शेतावर या. आमच्याकडे मोटर, स्टार्टर, केबल ह्या तीन गोष्टी चोरीला जातात, दागिन्यांचं टेन्शन नाही कारण दागिने सोसायटीच्या कर्जातच आहेत.

मोटरवर कंपनीची पट्टी रिबिटने ठोकलेली असते, चोर पहिलं ती उपटतो. म्हणून मी लेटर पंचचा सेट आणला, वेल्डिंगवाल्याकडे असतोच, आणि मोटरच्या बिडाच्या बॉडीवरच गावाचं नाव आणि गट नंबर ठोकला. एक ठळक जागी, एक खालच्या बाजूला जिथे पाया बसतो. स्टार्टरच्या डब्यावर बाहेरून ऑइलपेंट आणि आतल्या पत्र्यावर पंच. दोन वर्षांपूर्वी मोटर गेली होती ती रिवायंडिंगच्या दुकानातून परत मिळाली, दुकानदारानेच फोन केला, गट नंबर बघून म्हणाला हा तर तुमच्या वाडीचा. त्या माणसाला मी पेढे दिले.

केबलला मात्र काही उपाय नाही. वरचं प्लास्टिक जाळतात आणि तांबं किलोवर विकतात, त्यावर कसली खूण टिकणार? गुंडाळून घरी आणणे हाच उपाय.

गुरांच्या कानात १२ आकडी पिवळा बिल्ला असतोच आता, पण चोर कानासकट कापतो अशी जात आहे. आमचा म्हातारा अजून शिंगाचा वळसा आणि कपाळावरचा चांद सांगतो, बिल्ल्याचा नंबर त्याला पाठ नाही.

नऊवारी | बुधवार, दुपारी १२:४०

कानासकट :(

खुणांवरून आठवलं, आमच्या परळच्या चाळीत धोबी यायचा, त्याची प्रत्येक घराची वेगळी खूण, कॉलरच्या आत, दोन रेघा एक टिंब असलं काहीतरी. ती कधीच जायची नाही, शर्ट फाटला तरी खूण राहायची. बिब्ब्याची होती म्हणे.

भोपळा_मिरजेचा | बुधवार, दुपारी १:०८

हो हो, बिब्बाच. बिब्ब्याच्या तेलाचा काळा रंग चुन्याबरोबर कापडावर असा बसतो की निघत नाही. इंग्रजांनी त्या फळाचं नावच खूण करायचं फळ असं ठेवलं. पण हौस म्हणून कुणी घरी करायला जाऊ नका, बिब्बा उतला तर अंगावर फोड येतात, आमच्या आजोळी एकाचा चेहरा सुजून भोपळा झाला होता (माझा आयडी त्यावरून नाही).

जूनमध्ये काळ्या छत्र्यांवर पांढऱ्या ऑइलपेंटने नाव घालून द्यायचे ते पण आठवलं. छत्री तरीही हरवायचीच, फक्त कुणी नेली ते वर्गात सगळ्यांना दिसायचं.

पंक्चर_पुणे | बुधवार, दुपारी १:२०

आणि देवळाबाहेरच्या चपलांचं काय ते पण सांगा कुणीतरी.

खटपट्या | बुधवार, दुपारी १:२२

एक चप्पल उत्तर दाराला, दुसरी दक्षिण दाराला. जोड नसला की चोर नाही. आजवर फेल गेलेलं नाही, फक्त मीच एकदा एक विसरून आलो.

सोनचाफा | बुधवार, दुपारी ३:४५

विषय भरकटतोय पण मजा येतेय :)

एक गंभीर प्रश्न, वस्तूवर लिहायचं काय? माझ्या दिराने लॅपटॉपवर आधार नंबर कोरून घेतलाय, मला ते बरोबर वाटत नाही.

जु_वा_किं_अं | बुधवार, रात्री ७:५०

आधार, पॅन, जन्मतारीख, काहीही कोरू नका. चोराला वस्तू मिळालीच आहे, वर ओळख कशाला देता? पूर्ण पत्ता पण नको, किल्लीच्या जुडग्यावर तर मुळीच नको, लोक किल्लीच्या बिल्ल्यावर फ्लॅट नंबर लिहितात आणि मग ती रिक्षात विसरतात. मोबाईल नंबर लोक दर चार वर्षांनी बदलतात, कोरलेला राहतो. आडनाव, गाव, साल, एवढं बास. विहीर_मोटर यांचा गट नंबर सगळ्यात उत्तम, माणूस बदलला तरी जमीन तिथेच असते.

रेल्वेचं बघा, त्यांच्या चादरीपासून रुळाच्या तुकड्यापर्यंत छाप असतो, आणि त्यांना १९६६ चा वेगळा कायदा आहे, संशयित माल ज्याच्याकडे सापडला त्यानेच सिद्ध करायचं की तो रीतसर मिळालाय. तुमच्या-माझ्या हंड्याला तो कायदा नाही, आपल्याला आपणच सिद्ध करायचं असतं. म्हणून मी परत परत सांगतो की खूण अर्धी, वही अर्धी. एक साधी दोनशे पानी वही घ्या, वस्तू, खूण कुठे आहे, नंबर, कधी घेतली, कुणी दिली. "कुणी दिली" हा रकाना माजघर यांच्यासाठी खास. आणि वही गावच्या घरातच ठेवू नका, ती पण जाईल.

शंकासुर | बुधवार, रात्री ८:३०

वही ऐवजी गूगल शीट?

जु_वा_किं_अं | बुधवार, रात्री ८:३४

चालेल. माझ्या सुनेने केलंय. मला उघडता येत नाही.

माजघर | अकरा दिवसांनी, रविवार, सायं. ५:१८

मंडळी, अपडेट द्यायला आलो, सगळ्यांचे आभार, विशेषतः जुवाकिंअंकाकांचे.

तुम्ही म्हणालात तसं आईला बसवून विचारलं, भांड्यांना खोड काय आहे. आणि काका, दोन तास बोलली. घंगाळाची एक कडी मूळची नाही, कुडाळच्या कासाराकडून बदलून घेतलेली, ती थोडी लहान आहे. मोठ्या हंड्याच्या बुडाला दोन डाग, एक जुना काळा आणि एक नवा. पुरणयंत्राचा एक पाय आखूड, खाली नेहमी पुठ्ठा ठेवायला लागायचा. हे सगळं मला चाळीस वर्षांत माहीत नव्हतं. आत्याकडून तिच्या सासऱ्यांनी घंगाळ दिल्याचं लिहून आणलं, आजीच्या माहेरच्या आडनावासाठी तिच्या लग्नाची पत्रिका मामाच्या मुलाच्या पेटीत मिळाली, आणि २००९ च्या गणपतीतल्या एका फोटोत मागे समया दिसतायत. वकिलांनी हे सगळं जोडून अर्ज केला, आणि परवा बाँडवर नऊ भांडी मिळाली. केस चालेपर्यंत विकायची नाहीत, मोडायची नाहीत, बोलावलं की हजर करायची. बंब सापडलाच नाही, तो बहुतेक कापून वितळवला.

परात शेजाऱ्यांना परत केली. ते म्हणाले आमची आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं.

आज नाव घालायचं मशीन भाड्याने आणून बसलोय. आडनाव, गाव, साल. जुनी नावं तशीच ठेवली आहेत, आईने त्यांना हात लावू दिला नाही. अक्षर माझं भयंकर आलंय पण ती म्हणते बरंय, असं वाईट अक्षर दुसऱ्या कुणाचं नसेल.

एकच अडचण. घंगाळाच्या पोटावर ठाण्यात काळ्या मार्करने गुन्ह्याचा नंबर आणि वर्ष टाकलंय, चांगलं दोन इंची. चिंच झाली, लिंबू-मीठ झालं, पितांबरी झाली. बाकी घंगाळ आरशासारखं चमकतंय आणि नंबर जागचा हलत नाही.

खटपट्या | रविवार, सायं. ५:४०

अभिनंदन!! थिनरचा बोळा फिरवा, नाहीतर नेलपॉलिश रिमूव्हर. दोन मिनिटात जाईल.

जु_वा_किं_अं | रविवार, सायं. ६:०२

थांबा, थांबा. केस संपेपर्यंत पुसू नका हो, कोर्टात हजर करायचंय ना ते. चिंच लावलीत तेच जास्त झालं.

माजघर | रविवार, रात्री ९:११

काका, आईला वाचून दाखवलं. ती म्हणतेय केस संपल्यावर पण राहू दे, सगळ्या घरात पक्कं नाव असलेलं तेवढं एकच भांडं आहे.